एका रुपयात उमेदवाराचा हिशेब : निवडणुकीचा खर्च पेठेतून कसा तपासायचा

उमेदवाराने निवडणुकीत किती पैसे खर्च केले, कुणाला दिले आणि कशासाठी दिले, हे बघायचं सरकारी शुल्क एक रुपया आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांतला नियम ८८ सांगतो की, उमेदवाराने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल केलेला हिशेब एक रुपया भरून कुणीही पाहू शकतो. साक्षांकित प्रत हवी असेल तर तिचं शुल्क वेगळं. पाहणारा त्याच मतदारसंघातला असावा, पक्षाचा असावा किंवा वकील असावा, अशी कुठलीही अट नाही.

ही सोय वापरणारी माणसं थोडी आहेत. पुण्याच्या बुधवार पेठेने ती वापरावी असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण पेठेच्या बाजारातच आहे. प्रचाराला जे जे लागतं ते याच चार गल्ल्यांत मिळतं. अप्पा बळवंत चौकाच्या आजूबाजूला कागद आणि छपाई, तपकीर गल्लीत दिवे, वायरी आणि माळा, पासोड्या विठोबाजवळ झेंडे, फेटे आणि उपरणी, लक्ष्मी रस्त्याला कापड. पलीकडे रविवार पेठेत बोहरी आळीचा घाऊक माल. हजार पत्रकांना काय पडतं, फ्लेक्सचा चौरस फुटाचा भाव काय, ढोल-ताशा पथक तासाला काय घेतं, चारशे कार्यकर्त्यांच्या नाश्त्याला किती लागतात, हे इथल्या माणसाला तोंडपाठ असतं. निवडणूक आयोगाचा खर्च निरीक्षक परगावाहून आलेला अधिकारी असतो. त्याच्याकडे प्रशासनाचं दरपत्रक असतं, पण खरा भाव पेठेकडे असतो.

म्हणून हे मार्गदर्शन उमेदवाराइतकंच दुकानदार, देणगीदार आणि मतदार यांच्यासाठी आहे.

मर्यादा किती

बुधवार पेठ कसबा पेठ विधानसभा मतदारसंघात आणि पुणे लोकसभा मतदारसंघात येते. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने ठरवलेल्या मर्यादेनुसार महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये खर्च करता येतात. शेजारच्या गोव्यात विधानसभेची मर्यादा २८ लाख आहे. महापालिकेचं गणित वेगळं, कारण ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाआधी या आयोगाने मर्यादा वाढवली. मुंबई, पुणे आणि नागपूर महापालिकांत ती प्रत्येक उमेदवाराला १५ लाख रुपये झाली, तर पिंपरी-चिंचवडला १३ लाख.

४० लाख हा आकडा मोठा वाटतो, म्हणून त्याला मतदारांनी भागून बघा. २०२३ च्या पोटनिवडणुकीत कसब्यात पावणेतीन लाखांच्या आसपास मतदार होते. म्हणजे माणशी साधारण साडेचौदा रुपये. त्यात घरोघरी जाणारं पत्रक, मतदार चिठ्ठी, फ्लेक्स, रिक्षावरचा भोंगा, कोपरा सभा, मोबाइलवरची जाहिरात, कार्यकर्त्यांचा चहा आणि मतदानाच्या दिवशीचं बूथ हे सगळं बसवायचं. घट्ट बसतं, पण बसतं. हे साडेचौदा रुपये लक्षात ठेवा. उद्या तुमच्या गल्लीत एकाच उमेदवाराची चार रंगी पुस्तिका, भेटवस्तू आणि जेवणाचं आमंत्रण येऊन पडलं, तर मर्यादा ओलांडली की नाही हे कळायला सनदी लेखापाल लागत नाही.

उभं राहायला काय लागतं

उभं राहणं स्वस्त आहे. विधानसभेची अनामत रक्कम १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. लोकसभेला २५ हजार आणि १२,५००. पुणे महापालिकेला सर्वसाधारण उमेदवाराला ५ हजार आणि राखीव प्रवर्गाला त्याच्या निम्मी. अनामत रोख किंवा चलनाने भरायची असते, चेक चालत नाही. एका उमेदवाराला एका मतदारसंघात जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात, पण अनामत एकदाच द्यावी लागते.

विधानसभेला वय २५ पूर्ण हवं, महापालिकेला २१. विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि ते त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. अपक्षांची धांदल इथेच उडते, कारण दहावा सूचक शेजारच्या मतदारसंघाचा निघतो. सूचकांची नावं आणि यादीतले अनुक्रमांक आधी आयोगाच्या संकेतस्थळावरच्या मतदार यादीत पडताळून घ्या, ती यादी फुकट मिळते. महापालिकेला उभे राहणार असाल तर मिळकतकर आणि पाणीपट्टीची थकबाकी अर्जाआधीच मिटवा.

विधानसभेच्या अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र लागतं. त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण आणि समाजमाध्यमांवरची खाती असं सगळं लिहायचं. एकही रकाना रिकामा ठेवू नका. लागू नसेल तर तसं लिहा, कारण सूचना देऊनही रकाने कोरे राहिले तर अर्ज बाद होऊ शकतो. उमेदवारावर गुन्हे असतील तर ते प्रचाराच्या काळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर जाहीर करावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर आलेला हा नियम आहे, आणि त्या जाहिरातींचा खर्च उमेदवाराच्याच हिशेबात धरला जातो.

अनामत परत कधी मिळते? एकूण वैध मतांच्या सहाव्या भागापेक्षा जास्त मतं मिळाली तर. नेमका सहावा भाग मिळाला तरी ती जाते. कसब्याच्या पोटनिवडणुकीचं उदाहरण घ्या. आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर २६ फेब्रुवारी २०२३ ला मतदान झालं, ते निम्म्याच्या आसपास. त्या हिशेबाने अनामत वाचवायला साधारण २३ हजार मतं लागत होती. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जवळपास ११ हजारांच्या फरकाने भाजपच्या हेमंत रासने यांच्यावर निवडून आले, आणि या दोघांशिवाय बाकी सगळ्यांची अनामत गेली. अपक्षाने १० हजार रुपये खर्चाच्याच बाजूला लिहून ठेवावेत आणि मगच निर्णय घ्यावा. अर्ज बाद झाला किंवा वेळेत मागे घेतला तर मात्र अनामत परत मिळते.

हिशेबाची वही

विधानसभेच्या उमेदवाराने अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं उघडायचं असतं. स्वतःचे पैसे, पक्षाचे पैसे, मित्रांची मदत, सगळं आधी या खात्यात यायला हवं आणि खर्चही याच खात्यातून व्हायला हवा. संपूर्ण निवडणुकीत एका व्यक्तीला किंवा एका दुकानाला मिळून १० हजारांपर्यंतच रोख देता येते. ही मर्यादा आधी २० हजार होती, नोव्हेंबर २०१८ मध्ये ती निम्मी केली.

अर्ज भरताना खर्चाची नोंदवही मिळते. तिचे तीन भाग असतात. रोजच्या खर्चाचा पांढरा, रोखीचा गुलाबी आणि बँकेचा पिवळा. प्रचाराच्या काळात ती तीन वेळा खर्च निरीक्षकापुढे न्यावी लागते. त्याच्याकडे दुसरी वही असते, तिला छाया नोंदवही म्हणतात. तुमच्या सभेचं चित्रीकरण करणारं पथक तिथल्या खुर्च्या, गाड्या, फ्लेक्स मोजतं, दरपत्रकाने किंमत लावतं आणि ती रक्कम या वहीत जाते. दोन वह्या जुळल्या नाहीत तर उत्तर द्यावं लागतं.

लोक इथे काही गोष्टी विसरतात. मित्राने फुकट छापून दिलेली पत्रकंसुद्धा खर्चच आहेत, त्यांची बाजारभावाने किंमत लावावी लागते. अर्जाच्या आधी विकत घेतलेले झेंडे अर्जानंतर वापरले तर तेही येतात. अर्ज भरायला जाताना काढलेली मिरवणूक, तिच्यातले फेटे आणि ढोल येतात. मतदान केंद्राच्या हद्दीबाहेर मांडलेलं टेबल आणि तिथल्या पोरांचा वडापाव येतो. पक्षाच्या मोठ्या नेत्याचा प्रवासखर्च, तो आयोगाला कळवलेल्या स्टार प्रचारकांच्या यादीत असेल तर, उमेदवाराकडे धरला जात नाही. पण त्या नेत्यासोबत उमेदवार व्यासपीठावर बसला किंवा सभेत त्याचं नाव-फोटो झळकला, तर सभेच्या खर्चातला वाटा त्याच्या माथी येतो.

पुणे महापालिकेत बहुतेक ठिकाणी चार जणांचा प्रभाग असतो आणि एकाच फ्लेक्सवर चौघांचे चेहरे असतात. पंधरा लाखांची मर्यादा प्रत्येकाची स्वतंत्र आहे, तेव्हा बिलाचे भागही स्वतंत्र दिसले पाहिजेत. एकाच्या नावावर सगळं बिल टाकून बाकीचे तिघे कोरे राहिले, तर हिशेब तपासणाऱ्याने पहिलं बोट तिथे ठेवावं.

निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब दाखल करायचा, जिंकलेल्याने आणि हरलेल्यानेही. विधानसभा-लोकसभेला तो चुकवला आणि पटण्याजोगं कारण दिलं नाही, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-अ खाली तीन वर्षं निवडणूक लढवता येत नाही. हरलेल्या अपक्षांना हा फटका जास्त बसतो. त्यांना वाटतं, आपण हरलो, विषय संपला.

माल देणाऱ्यांनी

छापखानेवाल्यांनी आधी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ वाचावं. प्रचाराच्या प्रत्येक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. छापण्याआधी प्रकाशकाकडून सही केलेलं जाहीरपत्र घ्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या हव्यात. छापून झाल्यावर तीन दिवसांत त्या मजकुराच्या चार प्रती, ते जाहीरपत्र आणि किती प्रती छापल्या, किती पैसे घेतले याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "साहेब, नाव नका टाकू, विरोधकांवरचं आहे," असं म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवा. त्याच्या कामाचा नफा किती आणि तुमच्या छापखान्यावर येणारं बालंट किती, याचा विचार करा.

फ्लेक्सची ऑर्डर उमेदवाराचा उत्साही मित्र किंवा मंडळाचा कार्यकर्ता देत असेल, तर उमेदवाराची लेखी परवानगी मागा. उमेदवाराच्या परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत त्याला ५०० रुपये दंड होता, आता १० हजारांपर्यंत आहे.

उधारीचा प्रश्न पेठेतल्या प्रत्येक मांडववाल्याला माहीत आहे. मतदानापर्यंत फोन उचलणारा माणूस निकालानंतर गायब होतो. कायद्याने इथे दुकानदाराच्या हातात एक साधन दिलेलं आहे, ते वापरलं पाहिजे. उमेदवाराच्या हिशेबात प्रत्येक खर्चापुढे दिलेली रक्कम आणि राहिलेली रक्कम दोन्ही लिहावी लागतात, आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीला व्हाऊचर लागतं. म्हणजे निकालानंतरच्या त्या ३० दिवसांत त्याला तुमचं बिल हवं असतं. ऑर्डर लेखी घ्या, बिल पक्षाच्या किंवा कार्यकर्त्याच्या नावाने न करता उमेदवाराच्या नावाने करा, त्यावर जीएसटी क्रमांक आणि तारीख टाका, प्रत जपून ठेवा. १० हजारांच्या वरची रक्कम त्याच्या निवडणूक खात्यातूनच घ्या. पैसे नाही आले तर २० व्या-२२ व्या दिवशी उमेदवाराला लेखी कळवा आणि त्याची प्रत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या. तुमचं बिल त्याच्या हिशेबात नसेल, तर हिशेब अपुरा आहे हे तिथे कागदावर येतं.

कमी रकमेचं बिल मागितलं तर? चाळीस हजारांच्या कामाचं बारा हजारांचं बिल द्या, उरलेलं रोख घ्या, असा आग्रह होतो. मर्यादेचा सगळा कायदा याच एका कागदावर हरतो. नाही म्हणण्याने तुमचं एखादं गिऱ्हाईक जाईल. पण ते बिल एक रुपया भरून कुणीही पाहू शकतं आणि त्यावर तुमची सही असते.

देणगी देताना

पक्षाची पावती घेऊन माणूस दुकानात आला की दोन गोष्टी विचारा. पक्ष निवडणूक आयोगाकडे नोंदलेला आहे का, आणि पैसे बँकेतून घेणार का. २०१७ पासून पक्षाला करसवलत टिकवायची असेल तर दोन हजारांच्या वरची देणगी रोख घेता येत नाही. २० हजारांच्या वरच्या देणगीदारांची नावं पक्षाला दरवर्षी आयोगाला कळवावी लागतात. नोंदणीकृत पक्षाला दिलेल्या देणगीची व्यक्तीला पूर्ण करवजावट मिळते, '८० जीजीसी' नावाने ती ओळखली जाते. पण रोख दिलेल्याला नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यालाही नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, विवरणपत्र भरताना नवा क्रमांक बघून घ्या.

या वजावटीच्या आडून चालणाऱ्या एका फसवणुकीपासून सावध राहा. अनोळखी पक्षाच्या खात्यात चेकने पैसे भरा, आम्ही कमिशन कापून बाकीचे रोख परत देतो, तुम्ही वजावट घ्या, असं सांगणारे दलाल फिरतात. आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींवर छापे घातले आहेत, नोटिसा काढल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने ३३४ नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष यादीतून काढले. कर, व्याज आणि दंड देणगीदारालाच भरावा लागतो, तेव्हा दलालाचा फोन लागत नाही.

दुकान प्रायव्हेट लिमिटेड असेल तर नियम आणखी कडक आहेत. कंपनीला तीन आर्थिक वर्षं पूर्ण झालेली हवीत, संचालक मंडळाचा ठराव हवा, देणगी रोख चालत नाही. गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निवडणूक रोखे रद्द केले, तेव्हा ती मर्यादा काढणारा बदलही घटनाबाह्य ठरवला. देणारा कोण हे मतदाराला कळलं पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा.

पेठेतल्या कित्येक घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, त्यांच्यासाठी दोन देशांचे कायदे शेजारी ठेवून बघा. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तो इथल्या पक्षाला देणगी देऊ शकतो. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर परकीय योगदानाच्या कायद्याने देऊ शकत नाही, आई-वडील पुण्यात असले तरी. उलट एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेतल्या उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही, ग्रीन कार्डधारकाला देता येतो. २०२५-२६ साठी तिथे एका व्यक्तीने एका उमेदवाराला एका निवडणुकीत द्यायची मर्यादा ३,५०० डॉलर आहे. तिथे देणाऱ्यावर मर्यादा आहे आणि उमेदवाराच्या एकूण खर्चावर नाही, आपल्याकडे नेमकं उलट.

हिशेबात न येणारा पैसा

मर्यादा अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतच्या खर्चाला लागू आहे. त्याआधी वर्षभर इच्छुकाने दहीहंडीला, गणपतीत, दिवाळीत लावलेले फ्लेक्स, वाटलेला शिधा, नेलेल्या देवदर्शनाच्या बसगाड्या त्यात येत नाहीत. शिवाय पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराचा धरायला हवा असं म्हटलं होतं, तर सरकारने काही दिवसांत वटहुकूम काढून तो मार्ग बंद केला. पक्ष विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांत आपला खर्च आयोगाला सांगतो, एवढंच.

महाराष्ट्राने या दरीची दोन मोठी उदाहरणं पाहिली आहेत. जून २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे मुंबईत जाहीर कार्यक्रमात म्हणाले, २००९ च्या लोकसभेला आपला खर्च ८ कोटी झाला. तेव्हा मर्यादा २५ लाख होती, आणि त्यांनी दाखल केलेला हिशेब १९ लाख ३६ हजारांचा होता. आयोगाने नोटीस काढली. दुसरं अशोक चव्हाण यांचं. २००९ ला भोकरमधून लढताना वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी पानंच्या पानं छापून आली, आणि हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये दाखवले गेले. प्रतिस्पर्धी माधव किन्हाळकर यांनी तक्रार केली, पत्रकार पी. साईनाथ यांनी विषय लावून धरला. आयोगाने जुलै २०१४ मध्ये दिलेला चव्हाणांविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये रद्द केला. पण त्याआधी, ५ मे २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट पक्की केली होती : हिशेब वेळेवर आला की नाही एवढंच बघून आयोगाने थांबायचं नाही, तो खरा आहे का याचीही चौकशी करता येते. तुमच्या तक्रारीला जे बळ आहे ते या निकालाचं आहे.

मतदाराचा खर्च

शून्य. नाव नोंदवायचा नमुना ६ फुकट आहे, ऑनलाइनही भरता येतो. त्यासाठी पैसे मागणारा कुणीही असो, त्याला एक रुपया देऊ नका. हे बुधवार पेठेतल्या देहविक्रय करणाऱ्या महिलांसाठी मुद्दाम सांगायला हवं, कारण कागदपत्रांच्या नावाखाली त्यांच्याकडून पैसे उकळणं सोपं असतं. त्यांना रेशन कार्ड आणि मतदार ओळखपत्र द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. मे २०२२ च्या आदेशानुसार राहत्या पत्त्याचा पुरावा नसला तरी, एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर आधार कार्ड मिळतं.

मतासाठी पैसे देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. कसब्याच्या पोटनिवडणुकीत मतदानाच्या आदल्या दिवशी धंगेकर कसबा गणपतीसमोर उपोषणाला बसले होते. पैसेवाटपाचा त्यांचा आरोप भाजपने फेटाळला. आरोप करायचाच असेल तर पुराव्यासकट करा. विधानसभा-लोकसभेला आयोगाचं 'सी-व्हिजिल' अॅप आहे. जागेवरून फोटो किंवा व्हिडिओ पाठवला की ठिकाण आपोआप नोंदतं, नाव न सांगताही तक्रार करता येते आणि १०० मिनिटांत त्यावर कारवाई कळवायची असते. मदतीसाठी १९५० हा क्रमांक.

हिशेब बघायला कधी जायचं

पुण्याचे जिल्हाधिकारी हेच विधानसभा-लोकसभेचे जिल्हा निवडणूक अधिकारी. त्यांच्या कार्यालयातल्या निवडणूक शाखेत साधा अर्ज करा. त्यात मतदारसंघ, उमेदवाराचं नाव, निवडणुकीचं वर्ष आणि 'नियम ८८ प्रमाणे पाहणी' एवढं लिहा. हिशेब संकेतस्थळावर टाकायच्याही सूचना आहेत, ते आधी पाहिलं तर हेलपाटा वाचतो. जाताना तुमच्या गल्लीतल्या प्रचाराचे तारखेसह फोटो न्या. वहीत प्रत्येक खर्चापुढे माल देणाऱ्याचं नाव-पत्ता असतो. नेमक्या त्या सभेची, त्या फ्लेक्सची नोंद शोधा, संख्या मोजा, आणि मग भाव बघा. तफावत दिसली तर साक्षांकित प्रत घेऊन लेखी तक्रार द्या.

तारखा मात्र सांभाळा. आमदार किंवा खासदाराच्या निवडीला आव्हान द्यायचं तर निकालानंतर ४५ दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते, त्यासाठी २ हजार रुपये तारण भरावं लागतं, वकिलाचा खर्च वेगळा. मर्यादेपेक्षा जास्त खर्च हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(६) खाली भ्रष्ट आचार आहे, तो सिद्ध झाला तर निवड रद्द होते. उमेदवाराने हिशेब शेवटच्या, म्हणजे तिसाव्या दिवशी दिला, तर तुमच्या हातात १५ दिवस उरतात. महापालिकेत तेवढेही उरत नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे आव्हान निवडून आलेल्यांची यादी प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवसांत द्यावं लागतं, आणि हिशेबाची मुदत ३० दिवसांची असते. नगरसेवकाचा हिशेब बाहेर येईपर्यंत न्यायालयाचं ते दार बंद झालेलं असतं. म्हणून महापालिकेच्या निवडणुकीत निकालाची वाट बघू नका. प्रचार चालू असतानाच बिलं, फोटो आणि भाव गोळा करा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे तारखेसह पोच घेऊन द्या.